दिव्याखालचा शेजार

दिवेलागण झाली आहे. जुन्या नाशकांतील एखाद्या वाड्याच्या ओसरीवर, किंवा गंगापूर रोडवरील एखाद्या नव्या इमारतीच्या दिवाणखान्यांत, घरचीं चार माणसें बसलीं आहेत. मुलीच्या स्थळाची गोष्ट निघाली आहे. बोलणें रंगांत आलें आहे, आणि तितक्यांत तसबिरीच्या मागून आवाज येतो : चुक्, चुक्, चुक्. बोलणारा क्षणभर थांबतो. घरांतील आजी देवाचें नांव घेऊन बोटांनीं जमिनीवर हळूच टकटक करतात. तरुण मंडळी हंसतात खरीं, पण त्यांचेंहि लक्ष स्थळावरून उडून भिंतीकडे गेलेलें असतें. पाल बोलली ! आतां हें शुभ कीं अशुभ ?

मराठी भाषेनें या आवाजाला मनाच्या व्यवहारांत कायमची जागा दिली आहे. संशय आला म्हणजे मनांत शंकेची पाल चुकचुकते. पंचांगांतून ‘पल्लीपतन’ म्हणून एक कोष्टक छापलेलें असतें, आणि पाल अंगाच्या कोणत्या भागावर पडली असतां काय फळ मिळतें तें त्यांत दिलेलें असतें. दक्षिणेंत कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळ मंदिरांत छताला सोन्याची व चांदीची अशा दोन पाली बसविल्या आहेत, आणि यात्रेकरू त्यांना हात लावून पालीच्या दोषांतून मोकळे होतात. इतका मान आणि इतकें भय एकाच वेळीं वाट्याला आलेला दुसरा प्राणी घरांत क्वचितच असेल. परंतु ज्या प्राण्याचें बोलणें आणि पडणें यांचा एवढा विचार झाला, त्याचें राहणें कसें असतें, हें मात्र त्याच घरांतील माणसांस बहुधा ठाऊक नसतें. या अज्ञानापायीं पाल केरसुणीखालीं मरते, आणि घरांतील मुलें जन्मभराची शिसारी घेऊन वाढतात. म्हणून या शेजाऱ्याची नीट ओळख करून घेणें हें केवळ कुतूहलाचें काम नव्हे.

पहिली गोष्ट ही कीं, महाराष्ट्रांतील घरांतून दिसणाऱ्या पाली सर्व एकाच जातीच्या नसतात. दिव्याभोंवतीं ठाण मांडून बसणारी, सहा-सात इंच लांबीची, अंगानें गुळगुळीत आणि पोटाकडे पिवळसर झांक असलेली जी मोठी पाल, तिला शास्त्रांत ‘हेमिडॅक्टिलस फ्लॅविविरिडिस’ असें नांव आहे. रूपेल या जर्मन निसर्गाभ्यासकानें १८३५ सालीं तें दिलें. दुसरी तिच्याहून लहान व सडपातळ. तिच्या शेंपटीवर बारीक कांट्यांचीं वलयें दिसतात. ती ‘हेमिडॅक्टिलस फ्रेनेटस’. तिसरी ठिपक्यांची आणि दाणेदार, खरखरीत अंगाची. ती घराच्या आंतपेक्षां कुंपणाच्या भिंतीवर व दगडांच्या फटींत अधिक सांपडते. या ठिपक्यांच्या पालींच्या कुळांतील एक नवी जाति पश्चिम घाटांत मिळाली, तिला महाराष्ट्रांतील सरीसृपांचे अभ्यासक वरद गिरी यांचें नांव २०१९ सालीं देण्यांत आलें. मोठ्या घरपालीचा कसून अभ्यास आग्र्याचे प्राणिशास्त्रज्ञ बेनीचरण महेंद्र यांनीं केला, आणि तिच्या राहणीवर व शरीररचनेवर १९३६ सालापासून निबंध प्रसिद्ध केले. म्हणजे जिला पाहतांच आपण तोंड फिरवितों, तिच्याकडे एका भारतीय शास्त्रज्ञानें कित्येक वर्षें टक लावून पाहिलें होतें.

पालीचा स्वभाव समजण्याची किल्ली उष्णतेंत आहे. तिला शीतरक्ताची म्हणतात, पण त्याचा अर्थ तिचें रक्त सदा थंड असतें असा नव्हे. मनुष्याच्या शरीरांत अन्नाची चूल अहोरात्र पेटलेली असते, आणि त्यामुळें पौषांतहि त्याचें अंग ऊनच राहतें. पालीच्या घरीं ही चूल नाहीं. ती भिंतीच्या, छपराच्या आणि हवेच्या उबेवर शेकून घेते. उन्हाळ्यांत दिवसभर तापलेली भिंत रात्रीं तिला ऊब पुरविते, आणि म्हणून चैत्र-वैशाखांत ती चपळ असते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारें २,००० फूट उंचीवर आहे. येथील हिवाळा मुंबईच्या मानानें कडक असतो, आणि जवळच निफाडकडे थंडीच्या लाटेंत पारा कधीं कधीं ५ अंशांच्याहि खालीं उतरतो. अशा दिवसांत पाल भिंतीवर दिसेनाशी होते. ती घर सोडून गेलेली नसते. कपाटामागें, चौकटीच्या फटींत, कौलांखालीं ती निपचित पडलेली असते, आणि शेंपटींत व पोटांत सांठविलेल्या चरबीवर दिवस काढीत असते. हिवाळ्यांतहि एखादी पाल फ्रिजच्या मागें किंवा स्वयंपाकघरांत ओट्याजवळ दिसते. तेथें ऊब असते, एवढेंच त्याचें कारण. स्वतःची चूल पेटती ठेवावी लागत नसल्यामुळें तिला अन्नहि थोडें पुरतें. उंदराला रोज खाणें शोधावें लागतें. पाल कांहीं दिवस उपाशी राहूनहि सुखरूप असते.

आतां दिव्याकडे वळावें. पूर्वी समईच्या व कंदिलाच्या प्रकाशांत, आणि आज विजेच्या दिव्याखालीं, एकच देखावा दिसतो. प्रकाशाला भुलून पतंग, डांस, चिलटें व पावसाच्या आरंभीं पंख फुटलेली वाळवी येते. त्यांच्यामागून पाल येते. आणि त्याच दिव्याखालीं माणसें जेवावयास, वाचावयास, बोलावयास बसतात. तिघांची वेळ एक आणि जागाहि एक. पालीविषयींच्या अर्ध्याअधिक शकुनांचें मूळ या एका गोष्टींत आहे, हें पुढें दिसून येईल.

दिव्याजवळची जागा ही पालींच्या दृष्टीनें बाजारपेठेंतील मोक्याची जागा. ती सर्वांना मिळत नाहीं. बहुधा एखादा थोराड नर ती धरून बसतो आणि दुसरा नर जवळ आला कीं त्याच्यावर धांवून जातो. लहान पाली कडेकडेनें, अंधाराच्या सीमेवर वावरतात. त्यांनीं फार जवळ येणें धोक्याचें असतें, कारण मोठी पाल प्रसंगीं लहान पिलालाहि गिळते. चार-आठ दिवस नीट पाहिलें तर एकेक पाल वेगळी ओळखूं येते : एकीचें शेंपूट तुटून नवें आलेलें, दुसरी अंगानें फिकी, तिसरीच्या पाठीवर गडद पट्टे. मात्र केवळ रंगावर विसंबूं नये. तीच पाल दिवसां लाकडाच्या फटींत काळसर आणि रात्रीं चुन्याच्या भिंतीवर फिकी दिसते. रंग कमीअधिक गडद करण्याची कला तिला अवगत आहे.

तिची शिकार करण्याची तऱ्हाहि पाहण्यासारखी असते. कोळी जाळें विणतो, मांजर दबा धरतें; पाल बहुतेक वेळ केवळ थांबते. हालचाल हेंच तिच्या डोळ्यांना बोलावणें असतें. किडा भिंतीवर निश्चल बसला तर पाल दोन बोटांवर असूनहि त्याची दखल घेत नाहीं; त्यानें पंख हलविला कीं मान वळते. मग ती चोरपावलांनीं सरकते, पुन्हा थांबते, पुष्कळदां शेंपटीचें टोक हळूहळू हलविते, आणि अखेरच्या क्षणीं झडप घालते. झुरळासारखा मोठा घांस असला तर ती तो भिंतीवर आपटते. तिच्या डोळ्यांना पापण्या नाहींत. डोळ्यांवर पारदर्शक आवरण असतें, आणि त्यावरील धूळ ती जिभेनें चाटून पुसते. पाल आपल्याकडे ‘टक लावून’ पाहते असें जें वाटतें त्याचें कारण एवढेंच. ती रोखून पाहत नाहीं. तिला डोळे मिटतांच येत नाहींत. पण त्या डोळ्यांचें सामर्थ्य थोर आहे. पालींच्याच कुळांतील एका आफ्रिकी जातीवर स्वीडनमधील शास्त्रज्ञांनीं प्रयोग केले, आणि २००४ सालीं असें दाखविलें कीं, ज्या मंद चंद्रप्रकाशांत मनुष्याला सर्व कांहीं करड्या रंगाचें दिसतें, त्या प्रकाशांत त्या पालीला रंग ओळखतां येतात.

आतां चुकचुकण्याविषयीं. सरड्यांच्या वर्गांतील बहुतेक प्राणी मुके आहेत. सरडा, सापसुरळी यांचा शब्द कोणी ऐकत नाहीं. पालींचें कुळ मात्र बोलकें आहे, आणि आपल्या घरांतील पालींत लहान, कांटेरी शेंपटीची जी फ्रेनेटस, ती विशेष बोलकी. मार्सेलिनी नांवाच्या अभ्यासकानें तिच्या आवाजांचा अभ्यास १९७४ सालीं प्रसिद्ध केला. त्यानें तीन आवाज वेगळे ओळखले. पहिला तो सर्वपरिचित, एकामागून एक येणारा चुकचुकाट. तो खाणें झाल्यावर, दुसऱ्या पालीशीं गांठ पडल्यावर, आपली जागा जाहीर करतांना निघतो. दुसरा भांडणांतला लांबट घरघराट. तिसरा एकच तीक्ष्ण शब्द. तो पाल पकडली गेली असतां, भयानें निघतो. म्हणजे तसबिरीमागून जो आवाज येतो, तो ‘येथें मी आहें’ असें दुसऱ्या पालीला सांगणारा असतो. माणसांचें त्या वेळीं काय चाललें आहे, याचा तिला पत्ताहि नसतो. मग नेमका स्थळाची गोष्ट चालू असतांनाच तो कां येतो ? कारण दिवेलागणीनंतरचे दोन-तीन तास हे घरांतील गंभीर बोलण्याचे तास असतात आणि पालीच्या लगबगीचेहि तेच तास असतात. ज्या शेंकडों वेळां पाल बोलली आणि कोणी कांहींच बोलत नव्हतें, त्या वेळा कोणाच्या ध्यानांत राहत नाहींत.

पडण्याचेंहि तसेंच आहे. परंतु प्रथम, ती एरवीं पडत कां नाहीं, हें पाहिलें पाहिजे. पालीच्या बोटांखालीं आडव्या पट्ट्या असतात. त्या पट्ट्यांवर नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म केसांची दाट पेर असते. आपल्या ईशान्य भारतांत आढळणाऱ्या टोके नांवाच्या मोठ्या पालीच्या एका पावलावर असे सुमारें ५ लाख केस मोजले गेले आहेत, आणि प्रत्येक केसाचें टोंक पुन्हा शेंकडों अतिसूक्ष्म फाट्यांत विभागलेलें असतें. हे फाटे भिंतीच्या इतक्या जवळ जातात कीं, दोन पदार्थांच्या अणुरेणूंमध्यें जें दुर्बळ आकर्षण असतें, तेंच लाखो ठिकाणीं एकवटून पालीचें सारें वजन पेलतें. तेथें डिंक नसतो आणि पोकळीनें चिकटणारी वाटीहि नसते. अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं २००० सालीं अशा एका केसाची ओढ मोजली आणि २००२ सालीं तिचें कारण प्रयोगानें निश्चित केलें. पाऊल उचलतांना पाल बोटें टोंकाकडून वर वळवते, आणि चिकटपट्टी सोलावी तशी पकड सुटते.

एवढी पकड असूनहि ती कधीं कधीं पडते. ओल, धूळ, भुरभुरा चुना यांनीं पकड ढिली होते; थंडीनें अंग आखडलेलें असतें; आणि सर्वांत अधिक वेळां, दिव्याच्या जागेसाठीं दोन नर भांडतांना एक खालीं येतो. हें भांडण दिव्याजवळ होतें, आणि दिव्याखालीं मनुष्य बसलेला असतो. तेव्हां ती त्याच्या खांद्यावर पडली तर त्यांत नवल कसलें ? उजवा खांदा कीं डावा, हें तो दिव्याच्या कोणत्या बाजूस बसला होता यावर ठरतें. पडतांना पाल स्वतः फारशी घाबरलेली नसते. पालीच्या एका जवळच्या जातीवर २००८ सालीं झालेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, पाठ खालीं करून पडणारी पाल शेंपूट फिरवून सुमारें एक दशांश सेकंदांत अंग सुलटें करते आणि पायांवर उतरते. घाबरतो तो मनुष्य. तो ओरडतो, हात झाडतो, आणि त्या हात झाडण्यांत पालीचें शेंपूट तुटतें.

तुटलेलें शेंपूट जमिनीवर वळवळत राहिलें म्हणजे अंगावर कांटा येतो. पण ही पालीची शेवटची आणि सर्वांत महागाची युक्ति आहे. शेंपटीच्या मणक्यांत मुळांतच तुटण्याच्या जागा ठरलेल्या असतात. शत्रूनें शेंपूट धरलें कीं स्नायू आखडून ती त्याच ठिकाणीं तोडते. रक्तवाहिन्यांचीं तोंडें मिटतात, म्हणून रक्त फारसें सांडत नाहीं. शेंपूट कित्येक मिनिटें उड्या मारतें, मांजर त्याच्यामागें लागतें, आणि पाल फटींत शिरते. पुढें कांहीं आठवड्यांत नवें शेंपूट फुटतें. परंतु त्यांत हाडाचे मणके नसतात, कूर्चेची एक दांडी असते, आणि त्याचा आकार व रंगहि पहिल्यासारखा होत नाहीं. या व्यवहारांत तिची हिवाळ्यासाठीं सांठविलेली चरबी गेलेली असते. गंमत म्हणून पालीचें शेंपूट तोडणाऱ्या मुलाला हें समजावून सांगावें : गरिबाच्या घरांतील वर्षाचें धान्य फेंकून देण्यासारखेंच तें आहे.

उन्हाळ्याच्या सुमारास तसबिरीमागें, खिडकीच्या खांचेंत किंवा पुस्तकांच्या कपाटांत वाटाण्याएवढीं दोन पांढरीं अंडीं आढळतात. तीं घालतांना मऊ असतात आणि हवा लागतांच टणक होतात. आई त्यांना उबवीत नाहीं. उबविण्याचें काम ऋतूच करतो. दीड-दोन महिन्यांनीं जेमतेम दोन इंचांचें पिलूं बाहेर येतें आणि पहिल्या दिवसापासून आपलें पोट आपण भरतें. पाल अधूनमधून कात टाकते, आणि पुष्कळदां ती स्वतःच खाऊन टाकते, म्हणून सापाच्या कातेप्रमाणें ती घरांत क्वचितच सांपडते.

आतां विषाची गोष्ट. पाल विषारी आहे ही समजूत सर्वांत खोल रुजलेली आहे. वस्तुस्थिति अशी कीं, घरपालीच्या तोंडांत, कातडींत वा शेंपटींत कोठेंहि विषाची पिशवी नाहीं. भारतांतील पाल, सरडा, सापसुरळी यांपैकीं एकहि जाति मनुष्याला विषबाधा करूं शकत नाहीं. विषारी दंशाबद्दल प्रसिद्ध असलेला ‘हिला मॉन्स्टर’ अमेरिकेच्या व मेक्सिकोच्या वाळवंटांत राहतो. मग दुधांत पाल पडली आणि माणसांना उलट्या झाल्या, अशा वार्ता कशा येतात ? त्याचीं कारणें दोन. एक म्हणजे किळस व भय. पाल पाहतांच ज्याच्या पोटांत ढवळतें, त्याला उलटी होण्यास विष लागत नाहीं. दुसरें, आणि हें खरें कारण मानलें पाहिजे, पालीच्या पोटांत व विष्ठेंत ‘साल्मोनेला’ जातीचे जंतु असूं शकतात, आणि त्यांच्यामुळें ताप, उलट्या, जुलाब होतात. तेव्हां पाल पडलेलें अन्न टाकून देणें योग्यच. आणि तें खाल्ल्यावर त्रास झाला तर वैद्यकीय सल्ला त्वरित घ्यावा, विशेषतः लहान मूल व वृद्ध यांच्या बाबतींत. भिंतीवर जी काळी लेंडी दिसते तिच्या टोंकाचा पांढरा भाग म्हणजे पालीचें मूत्र होय. पाणी वांचविण्यासाठीं ती तें खडूसारखें घट्ट करून टाकते. ती लेंडी कागदानें उचलावी, जागा पुसावी आणि हात साबणानें धुवावे. पालीच्या बाबतींत भीति बाळगण्याची गरज नाहीं. स्वच्छता मात्र कसोशीनें पाळावी.

एवढें कळल्यावर घरांतील एखाद्या मुलाच्या मनांत निराळीच हौस उत्पन्न होते. तो रिकामी बरणी घेऊन येतो आणि म्हणतो, “आजी, ही मी बरणींत घालून पाळूं का ?” मघाशीं जमिनीवर टकटक करणाऱ्या आजींचें उत्तर शहाणपणाचें असतें : “अरे बाळा, पाळायची कशाला ? ती राहतेच आहे कीं घरांत. तिचें जेवण ती मिळवते, बिऱ्हाड ती बघते. तूं नुसता लांबून बघ.” बरणींतील पालीला तापलेली भिंत मिळत नाहीं, उडता किडा मिळत नाहीं, लपावयास फट मिळत नाहीं. ती भेदरून खाणें सोडते आणि थोड्याच दिवसांत मरते. मुलाला त्यांतून पालीचा स्वभाव कळत नाहीं. पिंजऱ्यांतील भय तेवढें दिसतें.

अलीकडे शहरांतून परदेशी सरडे पाळण्याची हौस दिसूं लागली आहे, तिचाहि येथें विचार केला पाहिजे. मध्य व दक्षिण अमेरिकेंतील हिरवा इग्वाना दुकानांत वीतभर असतो. पुढें तो पांच-सहा फूट लांब होतो आणि दहा वर्षांहून अधिक जगूं शकतो. त्याला विशिष्ट ऊब, उन्हांतील अतिनील किरणांसारखा प्रकाश आणि योग्य पाला मिळाला नाहीं तर हाडें मऊ होऊन तो पंगु होतो. कायद्याची बाजूहि आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्यांत २०२२ सालीं दुरुस्ती झाली, आणि २०२४ सालच्या नियमांप्रमाणें आंतरराष्ट्रीय करारानें संरक्षित असे जिवंत परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना त्यांची सरकारदरबारीं नोंद करावी लागते. आपल्या रानांतील प्राण्यांविषयीं तर मुळींच संशय नको. कोंढाण्याच्या पोवाड्यामुळें मराठी घरांत आदराचें स्थान मिळविलेली घोरपड या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत आहे. तिला पकडणें, मारणें वा तिचे अवयव विकणें यांस ३ ते ७ वर्षांच्या कैदेची शिक्षा आहे. तेल आणि तथाकथित भाग्यवर्धक अवयव यांसाठीं तिची हत्या होते, आणि घेणारे गिऱ्हाईक बहुधा शहरांतील सुशिक्षितच असतात, ही लाजेची गोष्ट आहे. सारांश, ज्याला सरड्यांच्या वर्गांतील प्राणी घरांत असावा असें वाटतें, त्याच्यासाठीं पिंजरा, खर्च आणि अपराध यांवांचून मिळणारा एकच प्राणी आहे, आणि तो आधींच तसबिरीमागें आहे.

तथापि सर्वांनाच तिचा सहवास रुचेल असें नाहीं, आणि तसा आग्रहहि नको. ज्यांना पाल नको असेल त्यांनीं तिचें मूळ ओळखावें. अंड्याचीं टरफलें किंवा मोराचें पीस टांगून पाल जात नाहीं. पिसाशेजारींच ती निवांत बसलेली पुष्कळांनीं पाहिली असेल. ती किड्यांसाठीं येते आणि किडे दिव्यासाठीं. म्हणून स्वयंपाकाच्या ओट्यावरचा व जेवणाच्या जागेवरचा दिवा काम झालें कीं मालवावा. पांढऱ्याशुभ्र दिव्याऐवजीं पिवळसर दिवा लावल्यास किडे कमी येतात. खिडक्यांना बारीक जाळी बसवावी, चौकटींच्या फटी बुजवाव्या, अन्न व पाणी झांकून ठेवावें, खरकटें रात्रभर ठेवूं नये. आंत आलेली पाल बाहेर घालवावयाची असेल तर तिच्यावर रुंद तोंडाचा डबा पालथा घालावा, भिंत आणि डबा यांच्यामध्यें जाड पुठ्ठा सरकवावा आणि अंगणांत नेऊन सोडावी. हातानें शेंपूट धरूं नये. उंदरांसाठीं ठेवलेल्या चिकट फळ्यांवर पाल सांपडली तर ती तासन् तास तडफडून मरते. अशा फळ्या ठेवूं नयेत. झुरळांवर विषारी फवारा मारल्यास तें विष झुरळांतून पालीच्याहि पोटांत जातें, आणि मग पुढच्या महिन्यांत झुरळें खाणारें घरांत कोणी उरत नाहीं.

ज्यांना कुतूहल आहे त्यांनीं एक साधें टिपण ठेवून पाहावें. त्यासाठीं वही, पेन्सिल आणि घड्याळ एवढें पुरे. रोज रात्रीं पहिली पाल किती वाजतां दिसली, त्या वेळीं हवा गार होती कीं उष्ण, दिव्याजवळ कोणती बसली आणि कडेला कोणती, किती वेळां आवाज आला आणि त्या वेळीं घरांत काय चाललें होतें, एवढ्या नोंदी घरांतील मुलांनीं कार्तिकापासून चैत्रापर्यंत कराव्या. कार्तिकाच्या अखेरीस पाली कमी होऊं लागतील, पौषांत पानें कोरीं राहतील, आणि फाल्गुनांतील एखाद्या उबदार संध्याकाळीं वहींत पुन्हा पहिली नोंद होईल. आवाजाच्या रकान्यांत मुलांना असें आढळेल कीं, पाल स्थळाच्या गोष्टीला चुकचुकली त्याहून कितीतरी अधिक वेळां ती कोणी दांत घांसत असतां, कोणी अभ्यास करीत असतां, आणि घरांत कोणीच नसतांना चुकचुकली आहे.

ती वही आजींनाहि दाखवावी. जमिनीवर टकटक करण्याची त्यांची संवय लगेच सुटेल असें नाहीं, आणि ती सुटलीच पाहिजे असेंहि नाहीं. देवाचें नांव घेतल्यानें कोणाचें नुकसान होत नाहीं. मात्र तसबिरीमागून चुक् चुक् आवाज आला कीं दोन नरांची दिव्याच्या जागेवरून बोलाचाली चालली आहे एवढें समजावें, केरसुणी कोपऱ्यांतच राहूं द्यावी, आणि स्थळाची गोष्ट जेथें थांबली होती तेथून पुढें चालू करावी.